रिमांडला वकील कोण? सातारा-सांगलीच्या फौजदारी कोर्टात आरोपीची बाजू नेमकी कुठं अडते

दुपारी तीन-चारच्या सुमारास तालुका कोर्टाच्या आवारात पोलिसांची गाडी येते. दोन-तीन आरोपी खाली उतरवले जातात. नातेवाईक झाडाखाली उभे असतात, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात सातबारा. वकील कोण करायचा, हे अजून ठरलेलं नसतं. कुणीतरी पाहुण्यांतल्या वकिलाला फोन लावत असतं. तोवर आत पुकारा होतो, पोलीस कोठडी मागितली जाते, कोर्ट कागद बघतं आणि आदेश होतो. पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं. नातेवाइकांना कळतं तेव्हा गाडी परत निघालेली असते.

फौजदारी काम करणाऱ्या वकिलांशी बोलत बसलं की ते तारखा, निकाल, साक्षी याबद्दल सांगतात, पण गाडी फिरून फिरून याच जागी येते. केस पुढं दहा वर्षं चालू दे, तिचा बराचसा पाया अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत पडतो आणि नेमका त्याच वेळी आरोपीजवळ कुणी नसतो. आपल्या भागात आज जो फिर्यादी आहे तो उद्या बांधाच्या भांडणात आरोपी होऊ शकतो. म्हणून ही माहिती सगळ्यांच्या कामाची आहे.

अटक करायची की नोटीस द्यायची

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात लगेच अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची आणि अटक केलीच तर तिची कारणं लिहायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यात ही नोटीस कलम ३५ (३) मध्ये आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस आजारी किंवा साठीच्या पुढचा असेल, तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय अटक करता येत नाही. आपल्याकडं कित्येक म्हाताऱ्या माणसांची नावं फिर्यादीत घातली जातात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण नोटीस हातात मिळाली तर ती खिशात घालून घरी बसू नका. ठरल्या दिवशी हजर राहिलं नाही तर अटकेला कारण आपणच देतो.

अटक झालीच तर अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात. हा मुद्दा बरीच वर्षं कोर्टात घोळत होता. मुंबईतल्या वरळीच्या अपघात प्रकरणातून गेलेल्या मिहिर शहा खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो सगळ्या गुन्ह्यांसाठी पक्का केला. कारणं लेखी हवीत आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. अगदी जागेवर लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं, पण रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक बेकायदा ठरू शकते. इथं दोन तासांना फार महत्त्व आहे. त्या वेळात वकील कागद वाचू शकतो, आरोपीशी दोन शब्द बोलू शकतो. आज कोर्टात काय होतं? बहुतेक वेळा वकिलाला रिमांडचा अर्ज कोर्टातच, उभ्या-उभ्या बघायला मिळतो.

नातेवाइकाला अटकेची खबर देणं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करणं आणि वैद्यकीय तपासणी करणं हे सगळं बंधनकारक आहे. चोवीस तास मोजताना प्रवासाचा वेळ धरत नाहीत. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. माणसाला सकाळी ‘चौकशीला’ बोलावून बसवून ठेवतात आणि कागदावर अटक रात्री दाखवतात. मधल्या वेळेचा पुरावा वकिलाला नंतर शोधत बसावा लागतो. म्हणून घरातल्या कुणीतरी माणूस कधी नेला, कोण घेऊन गेलं, गाडी कोणती होती, हे मोबाइलवर लगेच लिहून ठेवावं.

पीसीआर, एमसीआर आणि कोथळे प्रकरण

पोलीस कोठडीला कोर्टात सगळे पीसीआर म्हणतात आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर. पूर्वी पीसीआर पहिल्या पंधरा दिवसांतच घेता यायचा. नव्या कायद्यात एकूण दिवस पंधराच राहिले, पण ते तुकड्या-तुकड्यांत घेता येतात. गुन्ह्याप्रमाणं पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ते कधीही मागता येतात. आरोपीच्या वकिलांना ही तरतूद टोचते. एमसीआर झाला, जामिनाचा अर्ज टाकला, की ‘अजून कोठडी मागायची आहे’ असं म्हणायला जागा राहते.

कोठडीत काय होऊ शकतं हे सांगलीला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये लुटीच्या एका गुन्ह्यात पकडलेल्या अनिकेत कोथळे या तरुणाचा सांगली शहर पोलीस ठाण्यात कोठडीत मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला आणि तो पळून गेला असं सांगण्यात आलं. नंतर पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या, तपास सीआयडीकडं गेला. त्या वेळी जिल्ह्यात काय वातावरण होतं ते सगळ्यांना आठवत असेल. एवढी टोकाची गोष्ट रोज घडत नाही. पण मारहाण झाली का, असं मॅजिस्ट्रेट विचारतात तेव्हा मागं पोलीस उभे असतात आणि आरोपी खाली मान घालून ‘नाही’ म्हणतो. वकील सोबत असेल तर निदान अंगावरचे वळ दाखवायला तरी तोंड फुटतं.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवून चित्रण अठरा महिने जपायला सांगितलं आहे. मारहाणीची किंवा बेकायदा बसवून ठेवल्याची तक्रार असेल तर ‘त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा’ असा अर्ज पहिल्या आठवड्यातच कोर्टात द्यावा. वर्षानं मागायला गेलं तर मशीन बंद होतं, हार्डडिस्क बदलली, अशी उत्तरं येतात.

फुकटचा वकील

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं कायद्यानं चालत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात अटकेत असलेल्या कोणत्याही माणसाला मोफत वकील आहे, उत्पन्न कितीही असो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मुलं, दिव्यांग यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, सातारा आणि सांगलीला जिल्हा प्राधिकरण आहे. मोफत हेल्पलाइन १५१०० आहे.

या हक्काच्या मागं मुंबईची दोन प्रकरणं आहेत. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या महिलांच्या हालाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर १९८३ मध्ये निकाल झाला, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं. दुसरं प्रकरण कसाबचं. २०१२ मध्ये त्याची फाशी कायम करतानाच न्यायालयानं सांगितलं, की पहिल्यांदा समोर आलेल्या प्रत्येक आरोपीला ‘तुला वकील घेण्याचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकार देईल’ हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. कसाबला जे लागू, ते जतच्या मजुरालाही लागू.

२०२२ पासून मोफत बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालयं सुरू झाली. आपल्याकडं त्यांना लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. तिथले वकील खासगी केस घेत नाहीत, पगारावर फक्त हेच काम करतात. गावात समज असा, की फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील. पूर्वी पॅनेलवर नवखी पोरं असायची, तेव्हा तो काही अंशी खराही होता. आता सेशनची कामं चालवलेली माणसं तिथं आहेत. अडचण अशी की ते जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात आणि रिमांड होतो वडूजला, दहिवडीला, आटपाडीला, शिराळ्याला. तालुक्याला रिमांडसाठी नेमलेला वकील त्या दिवशी हजर असेल तर ठीक, नाहीतर आरोपी एकटाच.

फिर्यादीत सगळी भावकी

आपल्या कोर्टातल्या मारामारीच्या केसेस पाहा. भांडण दोघांचं, फिर्यादीत नावं नऊ. पाचजण झाले की बेकायदा जमावाचं कलम लागतं आणि मग ज्याच्या हातात काठी नव्हती तोही काठी मारणाऱ्याइतकाच अडकतो. म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या पोराचंही नाव घालतात. समोरचा गप्प बसत नाही, तोही क्रॉस फिर्याद देतो. आता दोन्हीकडचे लोक एकाच बोर्डावर आरोपीही आणि फिर्यादीही.

अशा केसचं भवितव्य ग्रामीण रुग्णालयातल्या एका दाखल्यावर असतं. दुखापत साधी की गंभीर? हाड मोडलं की गंभीर. हत्यारानं साधी दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर असेल तर कमीत कमी एक वर्ष आणि वर थेट जन्मठेपेपर्यंत. दाखल्यावर अक्षर लागत नाही, एक्स-रेची प्लेट पुढं मिळत नाही, डॉक्टरची बदली झालेली असते आणि साक्षीला यायला तारखांवर तारखा जातात. बचाव पक्षाचे वकील म्हणतात त्यात तथ्य आहे, की दाखल्यासोबत मूळ केस पेपर आणि एक्स-रे पहिल्याच महिन्यात मागून घ्यावेत.

पंच कोण?

आता थोडं माझ्याबद्दल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पोलीस ठाण्यात बातमीसाठी गेलो होतो. ओळखीच्या अंमलदारानं ‘जरा पंच म्हणून सही करा’ म्हटलं. काय जप्त केलं, कुठून केलं, मी काही पाहिलं नव्हतं. सही केली आणि चहा पिऊन घरी आलो. काही वर्षांनी समन्स आलं, ऐन आडसाली लागणीच्या दिवसांत. साक्षीला उभा राहिलो, आरोपीच्या वकिलानं विचारलं, वस्तू कुठून काढली ते तुम्ही पाहिलं का? खरं सांगितलं, नाही. फितूर ठरलो. समोर एक तरुण उभा होता. मधली वर्षं तो तारखेला येत-जात राहिला होता. त्यानं काही केलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण माझी सही त्याच्याविरुद्धचा कागद होती, ही गोष्ट मनातून जात नाही.

नव्या कायद्यात कलम १०५ प्रमाणं झडती आणि जप्तीचं मोबाइलवर का होईना पण चित्रण करून ते मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं आहे. हा बदल खरोखर चांगला आहे आणि दोन्ही बाजूंच्या उपयोगाचा आहे. चित्रणाची प्रत दोषारोपपत्रासोबत मागायला विसरू नका. आणि कुणी पंच म्हणून बोलावलं तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नका.

‘आरोपीने कबुली दिली’

ही ओळ आम्ही बातमीदारांनी हजार वेळा लिहिली असेल. पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये असतं, तसंच टाकतो. कायद्यानं पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ते आहे आणि जुन्या कायद्यातही होतं. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू नव्यानं सापडली तर तेवढाच भाग चालतो. पण आमच्या बातमीनं गावात निकाल लागून गेलेला असतो. सोयरीक मोडते, दूध डेअरीवर लोक बोलत नाहीत. सुटल्याची बातमी मात्र कुणी मोठी छापत नाही, आम्हीसुद्धा नाही.

गाजलेल्या गुन्ह्यात तर ‘आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ अशी मागणी निघते. काही ठिकाणी वकील संघटनाच ठराव करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे. बचावाचा वकील नसेल तर काय होतं, त्यासाठी नाशिकचं प्रकरण वाचावं. २००३ मधल्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं आपला निकाल मागं घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. साक्षीदारानं सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि ते पुढं आणलंच गेलं नव्हतं. सोळा वर्षं गेली, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत. आपल्याकडं पारधी समाजाच्या वस्तीवर चोरी झाली की पहिली धाड पडते. गुन्हेगार जमातींचा इंग्रजांचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. डोक्यातला तेवढा लवकर जात नाही.

जामीन झाला, जामीनदार नाही

आदेश होतो, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. ऐकायला सोपं. जामीनदाराचा सातबारा लागतो, आधार, रेशन कार्ड लागतं, कुठं ऐपतीचा दाखला लागतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, खातं सामाईक असतं, चुलता सही द्यायला तयार नसतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुराला वाळवा-पलूसमध्ये कोण जामीन राहणार? तो कारखान्याचा पट्टा पडला तरी आतच. अशा गरजेवर पोट भरणारे भाड्याचे जामीनदारही कोर्टाच्या आवारात फिरत असतात. त्यांच्या नादाला लागू नका, कागद खोटे निघाले तर नवीन गुन्हा अंगावर येतो.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं यावर वाट दाखवली आहे. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट सैल करण्याचा विचार करू शकतं. तात्पुरता रोख जामीन भरून सुटण्याची परवानगीही मागता येते. अर्ज मात्र करावा लागतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. तो दिवस पहिल्या रिमांडपासून मोजतात. पण अर्ज टाकायच्या आधी दोषारोपपत्र दाखल झालं, की हक्क गेला. वकिलाच्या भरवशावर न राहता कॅलेंडरवर खूण करून ठेवा. दुसरं, कलम ४७९ प्रमाणं पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ खटल्याविना आत काढला तर त्याला सोडायचं आहे, इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेल्याला हे लागू नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ निकाल न लागलेली.

तारखा, तडजोड आणि वकिलांचाही दोष

सीए रिपोर्ट पुण्याहून यायचा राहिला, तपास अधिकारी बंदोबस्ताला, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, साहेबांची बदली. तारीख पडण्याची ही नेहमीची कारणं. आरोपी आत असेल तर व्हिडिओ कॉलवर हजेरी होते. त्यात वकिलाला त्याच्याशी खासगी काही बोलताच येत नाही, आजूबाजूला सगळे असतात.

एवढ्यात गावात तडजोड होते. यात्रेच्या आधी पंचमंडळी दोघांना एकत्र बसवतात. पण काही कलमं तडजोडीची असतात, काही नसतात. नसली तर साक्षीदार कोर्टात ‘मला काही माहीत नाही’ म्हणतात, केस पडते आणि खरं काय झालं ते कधीच कागदावर येत नाही. ज्याचं डोकं फुटलं त्यालाही यात न्याय मिळत नाही.

सगळा दोष पोलीस-कोर्टावर टाकून वकील मोकळे होऊ शकत नाहीत. फी राहिली म्हणून तारीख घेणं, दोषारोपपत्र न वाचता ज्युनिअरला उभं करणं, पक्षकाराला काही न सांगणं, हे होतं आणि खुद्द वकीलच खासगीत मान्य करतात. फीची पावती मागायला लाजू नका.

कोल्हापूरचं खंडपीठ

सेशन कोर्टानं जामीन नाकारला की पूर्वी मुंबई गाठावी लागायची. जत-आटपाडीच्या माणसाला रात्रभराचा प्रवास, तिथला वकील, तिथला मुक्काम. गरीब माणूस तिथंच थांबायचा. वकिलांच्या अनेक दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली आहेत. सांगलीकरांना सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. खंडाळा-फलटणच्या लोकांना पुणं जवळ पडलं असतं, ही त्यांची तक्रार वेगळी. पण जामीन, अपील किंवा परस्पर संमतीनं गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, हे आता आपल्या आवाक्यात आलं आहे.

आपल्या केसची तारीख बघायला कोर्टात खेटे घालायची गरज नाही. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे मोफत अ‍ॅप मोबाइलवर घ्या. प्रत्येक केसला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो वकिलाकडून लिहून घ्या. तो टाकला की मागची तारीख, पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते दिसतं. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर कलमं जुन्या आयपीसीची दिसतील, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेची. नंबर बदललेला दिसला म्हणून घाबरून जाऊ नका, आपल्या वकिलाला विचारून घ्या.